अडीच फुटांचा छज्जा

काही प्रकरणं कागदावर दोन ओळींत मिटतात आणि मनात मात्र तशीच राहतात. लोणावळ्यातलं हे त्यातलंच एक. तेव्हा माझ्या निवृत्तीला वर्षच उरलं होतं.

पोलीस ठाण्यातली सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. साठीचे एक आर्किटेक्ट तक्रार अर्ज घेऊन आले. बंगल्यातल्याच एका खोलीत त्यांचं ऑफिस होतं. तिथला कॉम्प्युटर कायम चालू असे आणि साइटवर असले की ते लॅपटॉपवरून त्यातल्याच फायली उघडत. अर्जात लिहिलं होतं, 'अनोळखी इसम दुसऱ्या कॉम्प्युटरवरून माझ्या फायलींत शिरून नकाशांत फेरफार करतो.'

"नुकसान काय झालं?" मी विचारलं.

"नुकसान असं नाही. पण इसम शोधा."

मला असल्या मोघम उत्तरांचा राग येतो. नुकसान नाही, संशय कुणावर नाही आणि तपास मात्र हवा! तरी अर्जाची आवक नोंद करून घेतली आणि कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या एका महिला शिपायाला घेऊन बंगल्यावर गेलो. फायली उघडायची परवानगी असलेल्या कॉम्प्युटरांची यादी तिने काढली. एक घरचा, एक लॅपटॉप आणि तिसऱ्यापुढे लिहिलं होतं, 'कान्हे'. त्यावरून झालेला शेवटचा बदल महिन्यापूर्वीचा होता.

"हे कान्हे काय?"

"लॉकडाऊनमध्ये आमचे ड्राफ्ट्समन कान्हे गावातल्या त्यांच्या घरून काम करायचे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "नंतर नाव काढायचं राहून गेलं."

खोदून विचारलं तेव्हा पुढचं बाहेर आलं. हा ड्राफ्ट्समन अठरा वर्षं त्यांचे नकाशे काढत होता. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासमोर हे त्याला बोलून गेले, "तुम्ही फक्त रेषा ओढा, डोकं मी चालवतो." तो जेवणाचा डबा उचलून निघाला, तो परत फिरकला नाही.

मला वाटलं, झालं. जुनं वैर, फायलींत शिरायची उघडी वाट, आणखी काय पाहिजे? समजपत्र पाठवून त्याला जबाबासाठी बोलावलं. तो उर्से इथल्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. ड्युटीवरून तसाच गणवेशात आला. गुन्हा दाखल झाला तर चारित्र्य पडताळणीत नाव येणार आणि नोकरी जाणार, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती.

लपवणारा माणूस आधी 'कुणी सांगितलं?' असं विचारतो, हा माझा अनुभव. हा तसलं काही बोलला नाही.

"व्हय साहेब, मीच उघडत व्हतो."

"कशासाठी?"

"छज्ज्यासाठी. खिडकीवरचा छज्जा सर दीड फूट धरायचे. त्ये मूळचे पुन्याचे. हितला पाऊस तिरका येतोय, दीड फुटात काय व्हतंय? मी सरांकडं व्हतो तवा अडीच करून द्यायचो. गेल्यावर बगितलं, तर पुन्ना दीडच. लोकांच्या घरात पानी शिरंल म्हून दुरुस्त करत गेलो."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुनीच न्हाई." मग बोटं दाबत म्हणाला, "अठरा वर्सं रेघा काढल्यात. गेटवर नुसतं उभं ऱ्हायचं. हात शिवशिवत्यात, साहेब."

"मग गेला महिनाभर एकही बदल नाही, ते का?"

"आता सर सोताच अडीच काढाया लागलेत."

मी पेन खाली ठेवलं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या आर्किटेक्टना आत बोलावलं आणि सरळ विचारलं, "हे कोण करतंय ते तुम्हाला माहीत होतं ना?"

"पहिल्याच दिवशी ओळखलं. या आमच्या भाऊंचा हात मी ओळखणार नाही?"

"मग अर्ज कशाला केलात?"

"महिना झाला, फायलीत कुणी आल्याची खूण नाही. आजारी आहेत, की गावच सोडलं, काही कळेना. आणि फोन करायला मला तोंड नव्हतं." मग ते हळूच म्हणाले, "रोज सकाळी फाईल उघडली की मी आधी छज्जा बघायचो हो."

मी भडकलो. "हे पोलीस ठाणं आहे! निरोप पोचवायला आम्ही बसलोय का इथे? या माणसाची नोकरी गेली असती!"

तेवढ्यात ड्राफ्ट्समन बोलला. माझ्याशी नाही, आर्किटेक्टशी.

"येत व्हतो सर. रोज येत व्हतो. दुरुस्त करायला काय उरलं नव्हतं, म्हून नुसतं बगून जायचो."

आर्किटेक्टनी चष्मा काढला. मी दोघांसाठी चहा सांगितला. तक्रार चालवायची नाही असा जबाब त्यांनी लिहून दिला आणि अर्ज दप्तरी दाखल झाला. दोघं एकाच रिक्षाने गेले.

फायलीत शिरणारा काहीतरी न्यायलाच येतो, असं आम्ही पोलीस धरून चालतो. ते दर वेळी खरं नसतं, हे मी त्या दिवशी शिकलो. पुरतं कळलं ते मात्र निवृत्तीनंतर. भाजी आणायला मी अजून लांबच्या रस्त्याने, ठाण्यावरून जातो. फाटकातून ठाणे अंमलदाराचं टेबल दिसतं. आत जायला काही काम नसतं. थोडा वेळ उभा राहून बघतो आणि घरी येतो.