हरणउडीचा धुरा

मी शाळेत विज्ञान शिकवलं. शिवाय आमचं घर बौद्ध... नवस, उतारे, अंगात येणं, सगळं आबांनी म्हणजे माझ्या वडिलांनी केव्हाच उंबऱ्याबाहेर काढलेलं. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. आता तुम्ही माझी उडवा.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. येलदरी धरणाचं पाणी इतकं आटलं, की बुडालेली रानं उघडी पडली. त्यात कुठंतरी आमची 'हरणउडी' होती... आबांनी मजुरी करून घेतलेलं एकुलतं एक वावर. माळावरची हरणं धुरा, म्हणजे बांध, ओलांडून पिकात उड्या घेत, म्हणून ते नाव. आबांनी धुऱ्यावर कमरेएवढं बोराट्यांचं कुंपण रचलं, गोफण फिरवून हात दुखवून घेतले. हरणांनी दाद दिली नाही. वावर बुडाल्यावर मात्र त्याचं नाव निघालं, की आबा जेवता जेवता थांबायचे.

"एकडाव पाय ठिवू दे रे तितं," म्हणाले, म्हणून सकाळीच त्यांना घेऊन गेलो. पण ओळखायचं कशावरून? झाडं गेलेली, धुरे गाळाखाली... नुसता भेगाळलेला सपाट चिखल. आबा तासभर हिंडले आणि मटकन बसले.

"समदं एकसारखंच दिसायलंय. माझं वावर मलाच वळखू येईना."

तेवढ्यात माळावरून सात-आठ हरणं पाण्याकडं निघाली. सरळ चालत होती... आणि एका जागी पुढच्या हरिणीनं उंच उडी घेतली. तिथं काहीच नव्हतं! मग दुसरीनं, तिसरीनं... त्याच रेषेवर, कमरेएवढी.

आबा उठले. हाकलायला हात वर गेला, सवयीनं... आणि तसाच राहिला.

"लय गोटे मारले म्या तुमाला," म्हणाले आणि रडायला लागले.

हरणं गेल्यावर आम्ही तिथं उकरलं. हातभर खाली धुऱ्याचे दगड लागले. आबा चपला काढून पलीकडं गेले, मधोमध उभे राहिले. दिवस कलेपर्यंत मी त्यांना घरी चला म्हणालो नाही.

पुढं पाणी चढलं. काही वर्षांनी आबाही गेले. मागची हरणं पुढचीचं बघून उडतात, हे कबूल. पण पुढची दिसायला जेमतेम दोन वर्षांची होती, आणि वावर बुडून कितीतरी वर्षं झालेली. तिला कुणी सांगितलं? मला आजही कळलेलं नाही.

येलदरीला गेलो, की काठावर जातो. पाणी सगळीकडं एकसारखंच दिसतं. मग पाण्याकडं पाठ करून माळाकडं बघत बसतो.