ॲब्सोल्यूटली पडवळ

इंग्रजीत उत्सुकता दाखवायला ती मुळात असावी लागत नाही, हे मला साठी उलटल्यावर समजलं.

समजावलं ते आमच्या मधुराने. तिने स्वतःचं लग्न स्वतःच जमवलं होतं (आमच्यावर सोडलं असतं तर आम्ही अजून पत्रिकाच जुळवत बसलो असतो). मुलगा विघ्नेश, तिच्याच ऑफिसातला. घर तमिळ, ठाण्यात कोलशेतला राहणारं. आम्ही डोंबिवलीचे. मुलगा तयार, मुलगी तयार, मुलाचे वडीलही तयार. फक्त त्याच्या आईने अजून होकार दिला नव्हता. "माणसं बघते, मग सांगते," असं त्या म्हणाल्या होत्या. म्हणजे बघण्याचा कार्यक्रम ठरला होता आणि दाखवायचं होतं मला.

"मला कशाला? लग्न तुझं आहे."

"मी त्यांना आवडलेय, बाबा. प्रॉब्लेम तुमचा आहे. विघ्नेश पहिल्यांदा घरी आलेला, तेव्हा अर्धा तास स्वतःच्या कामाबद्दल सांगत होता. तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणालो?"

"'हं.' एकदाच. आणि पंख्याकडे बघितलंत."

"पंखा आवाज करत होता."

"त्याला वाटलं तुम्ही चिडलायत. तिकडे सगळं बोलणं इंग्लिशमध्ये होणार. समोरचा बोलला की इंटरेस्ट दाखवायचा. मी शिकवते."

शिकवणी सोपी होती. समोरच्याचं वाक्य संपलं की 'हाउ' म्हणायचं आणि पुढे एक विशेषण ठेवून द्यायचं. साध्या गोष्टीला 'हाउ नाइस'. काही कळलं नाही तर 'हाउ इंटरेस्टिंग'. 'नाइस'ला 'व्हेरी' चालतं, पण 'फॅसिनेटिंग', 'मार्व्हलस' ही बडी मंडळी; त्यांच्या पुढे 'ॲब्सोल्यूटली' लागतं. "आणि ही मोठी जपून वापरा हं," मधुराने बजावलं. मी जन्मभर सरकारी कचेरीत टिपणं लिहिली. तिथे विशेषण सापडलं तर साहेब लाल पेन्सिलने खोडत. आता एवढी विशेषणं फुकट हाताशी आल्यावर माझी अवस्था बुफेत ताट घेऊन उभ्या राहिलेल्या माणसासारखी झाली.

सराव घरीच सुरू केला. रात्री बायकोने आमटी वाढली. पहिला भुरका मारून मी म्हणालो, "ॲब्सोल्यूटली मार्व्हलस."

"मीठ घालायला विसरलेय मी," ती म्हणाली. "तुम्हाला कळलंही नाही?"

कळलं होतं. पण तोवर विशेषण सुटलं होतं. पुढचे दोन दिवस मला माझं पान मीच वाढून घ्यावं लागलं.

रविवारी टेंभी नाक्यावर मिठाई घेऊन आम्ही तिघं कोलशेतला पोचलो. अठराव्या मजल्यावर घर. विघ्नेशचे वडील, रंगराजन, निवृत्त इंजिनिअर. उंच, गंभीर, आणि त्यांचं हिंदी 'अच्छा'पाशी सुरू होऊन तिथेच संपायचं. विघ्नेशच्या आईने कॉफी दिली (मी कप हातात यायच्या आतच 'वंडरफुल' म्हणून घेतलं) आणि त्या माझ्या बरोबर समोर बसल्या. चेकवरची सही जुळवताना बँकेतला माणूस बघतो, तशा त्या बघत होत्या.

आता लग्नाचं बोलणं निघणार, एवढ्यात माझी नजर गॅलरीत गेली. तिथे काहीतरी लांबलचक लोंबत होतं. बोलण्याला सुरुवात म्हणून मी विचारलं, "व्हॉट इज दॅट?" (ओळखलं होतं. पडवळ. आमच्याकडे पडवळाची भाजी असली की मला बाहेर महत्त्वाची कामं निघतात.)

"स्नेक गोर्ड," रंगराजन म्हणाले. "आय ग्रो देम."

"हाउ नाइस."

त्यांनी कप खाली ठेवला. पडवळ आपलं आपण वाढू दिलं तर वेडंवाकडं होतं, सरळ वाढवायचं तर त्याच्या टोकाला दगड बांधावा लागतो, असं त्यांनी सांगितलं.

"हाउ इंटरेस्टिंग."

विघ्नेशच्या आईने डोळे मिटले. विघ्नेश माझ्याकडे बघून मान हलवू लागला. मला वाटलं, तो शाबासकी देतोय.

पडवळ वाढेल तसा दगडही बदलत न्यावा लागतो, असं रंगराजन म्हणाले.

"ॲब्सोल्यूटली फॅसिनेटिंग!"

रंगराजन उठून उभे राहिले. या घरात आजवर असं कोणीही म्हणालं नाही, असं ते म्हणाले आणि मला हाताला धरून गॅलरीत घेऊन गेले. मागोमाग बायको आली. "अहो, लग्नाचं काढा," ती कानात पुटपुटली.

"काढतो. त्यांचं वाक्य संपू दे."

पण वाक्य संपलं की मला 'हाउ' म्हणावं लागे, आणि मी 'हाउ' म्हटलं की त्यांचं पुढचं वाक्य सुरू होई. त्यांनी दगड दाखवले. मी म्हणालो, मार्व्हलस. त्यातला एक सुटून खालच्यांच्या गॅलरीत पडला, असं ते म्हणाले. मी म्हणालो, वंडरफुल. (तेव्हा माझं लक्ष नव्हतं, पायाला रग लागली होती.) सोसायटीने पडवळं उतरवायची नोटीस दिलीये, तर येत्या मीटिंगला तुम्ही येऊन हेच सगळ्यांना सांगाल का, असं त्यांनी विचारलं.

"ॲब्सोल्यूटली," मी म्हणालो आणि पुढचं विशेषण शोधू लागलो. ते सापडेपर्यंत रंगराजननी माझे दोन्ही हात हातात घेतले होते.

"बाबा, बास ना आता," मधुरा दारातून म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

आतून विघ्नेशच्या आईने हाक मारली. आम्ही येऊन बसलो. त्या सावकाश, स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "पडवळ तुम्हाला फॅसिनेटिंग वाटलं. दगड मार्व्हलस वाटले. माझी कॉफी आल्या आल्या वंडरफुल वाटली." कॉफी माझ्यासमोर तशीच भरलेली होती. "आता मला सांगा, माझा मुलगा तुम्हाला कसा वाटतो?"

मधुराने सोफ्याची कड घट्ट धरली. मी भराभर विशेषणं चाचपली. चांगली चांगली सगळी पडवळावर खर्च झाली होती, आणि जो शब्द मी मघाशी दगडाला वापरला तोच या मुलाला कसा वापरायचा? मला खरोखर भीती वाटली. कारण हा मुलगा मला मनापासून आवडला होता. मागे आमची लिफ्ट बंद होती, तेव्हा हिचे गुडघे दुखतात म्हणून तो हिला प्रत्येक मजल्यावर थांबत, धरून वर घेऊन आला होता आणि त्याबद्दल नंतर चकार शब्द बोलला नव्हता. हे सगळं मला सांगायचं होतं. तोंडातून आलं मराठी.

"मुलगा बरा आहे."

"व्हॉट डिड ही से?" त्याच्या आईने विचारलं.

विघ्नेशला मधुरापायी थोडं मराठी यायला लागलं होतं. तो पडेल आवाजात म्हणाला, "ही सेज, आय ॲम ऑल राइट."

रंगराजनचा चेहरा उतरला. मधुरा माझ्याकडे बघेचना. मी पंख्याकडे बघितलं.

तेवढ्यात बायको पुढे सरसावली. तिने आयुष्यात चारचौघांत इंग्रजी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "सो मेनी इयर्स मॅरेज. मी, ओन्ली 'ठीक'. युवर सन, 'बरा'. व्हेरी बिग."

विघ्नेशची आई क्षणभर तिच्याकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच. "आल्यापासून तुमच्या मिस्टरांनी सांगितलेली ही पहिली गोष्ट, जी मला खरी वाटली," त्या म्हणाल्या. "माझी काही हरकत नाही." मग त्यांनी विघ्नेशला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं, दोनदा घोकलं, मधुराला जवळ ओढलं आणि एकेक अक्षर जपून उच्चारत म्हणाल्या, "मुलगी... बरी... आहे."

सगळे खूश झाले. बायकोने डोळे पुसले. मधुरा तर त्यांच्या गळ्यातच पडली.

डोंबिवलीला परतताना रिक्षात मी दोनदा सुस्कारा सोडला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"नुसती बरी? एवढी शिकलेली, हुशार, दहाजणींत उठून दिसणारी मुलगी, आणि या बाई म्हणतात, बरी?"

"अहो, शब्द तुमचाच आहे."

"असेल. पण मी तो त्यांच्या मुलाबद्दल वापरला होता!"