रेंज काय कुणाच्या मालकीची न्हाय

महिन्याची मीटिंग संपली तरी आम्ही बायका लगेच उठायचो नाही. चहा यायचा, कुणीतरी डब्यातनं भडंग काढायचं आणि महिनाभर तोंड मिटून जे गिळलं ते सगळं बाहेर पडायचं. अशा गोष्टींना सवड काढावी लागत नाही, त्या आपोआप साठतात. आजऱ्याच्या पलीकडं एका उपकेंद्रात मी नर्स होते. हाताखाली दोन आशाताई. शालन कांबळे तरणी आणि फटकळ. गिरिजव्वा चाळिशीची, कर्नाटकातनं सून होऊन आलेली. मोबाइल, मशिनं, कॉम्प्युटर आमच्याकडं एकामागोमाग आले, तेव्हाचं हे.

*

शालननं कामासाठी बटणांचा साधा मोबाइल घेतला. नवऱ्यानं तो लगेच आपल्या खिशात घातला. "बाईमाणसाला फोन कशाला? आला तर मी सांगतो की."

शालन घरोघरी तोच नंबर देऊन आली. "लाजायचं न्हाय. काय आसंल ते फोनवरच सांगायचं."

बायकांनी सांगितलं. नवरा पारावर पत्ते खेळत बसलेला आणि फोनमधनं कुणाची सासू सुनेची पाळी चुकल्याचं सांगतीय, कुणी तांबी कधी बसवायची विचारतंय. जोडीदारांचे पत्ते हातातच राहायचे. आठवडाभरात त्यानं फोन आणून तिच्या पुढ्यात ठेवला.

"घे बाई, तुझं तुला."

"चार्ज करून आणलाय न्हवं?" शालन म्हणाली.

*

रक्तदाबाचं डिजिटल मशीन आलं. सरपंचांचा आकडा बघून मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. चारचौघांत त्यांना ते लागलं. "मशीनच बोगस हाय."

गिरिजव्वानं पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. नॉर्मल. मग माझ्या. नॉर्मल. मग सरपंचांच्या बायकोच्या. तोही नॉर्मल.

"बायकास्नी बरोबर दावतंय," ती म्हणाली. "गड्यांस्नीच कसं बिघडतंय?"

दुसऱ्या दिवशी वैनींनीच सरपंचांना एसटीत घालून तालुक्याला नेलं.

*

पुढं टॉवर बिघडला आणि गावात रेंज एकाच जागी यायला लागली, काजूच्या बागेच्या बांधावर. बागेच्या मालकाला सगळे दाजी म्हणायचे. बांधावर दुसरं कुणी उभं राहिलं तर चालायचं. बौद्धवाड्यातली शालन दिसली की मात्र ते खवळायचे. एकदा त्यांनी तिथं काटेरी फांद्या आणून टाकल्या.

शालननं फांद्या पायानं सारल्या आणि फोन लावला. "दाजी, बांध तुमचा. रेंज काय कुणाच्या मालकीची न्हाय."

काटे रोज नवे पडायचे, तिच्या पायाला ओरखडे असायचे. मलम लावताना मी म्हणायचे, "दुसरी जागा बघू या."

"का म्हणून?" एवढंच विचारायची.

पावसाळ्यात दाजींच्या गरोदर सुनेला रक्त जायला लागलं. दाजी स्वतः शालनच्या दारात येऊन उभे राहिले. ती अनवाणीच पळाली, बांधावरनं गाडी बोलावली. सूनही वाचली, पोटातलं लेकरूही.

त्यानंतर काटे दिसले नाहीत. दाजींनी माफी मागितली नाही. शालन तिची वाट बघत थांबलीही नाही. फोन करायला ती त्याच बांधावर जायची.

*

मग केंद्रात कॉम्प्युटर आला. गरोदर बाईचं नाव त्यात गेलं तरच पुढच्या सोयी. रेखाला नवऱ्यानं पोटुशी असताना घराबाहेर काढलेली. गिरिजव्वा तिला घेऊन आली.

"पतीचं नाव?" ऑपरेटरनं विचारलं.

"त्याचं घालू नका," रेखा म्हणाली.

"ताई, हितं मोकळं सोडलं तर कॉम्प्युटर पुढं जात न्हाय."

रेखा उठून निघाली. गिरिजव्वानं तिला हाताला धरून बसवलं. "माझं घाल."

"मावशी, तुम्ही बाई हाय."

"त्येला कळतंय व्हय?"

ऑपरेटरनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. त्यानं नाव टाकलं आणि कॉम्प्युटर पुढं गेला.

दिवस भरले. तालुक्याला बाळंतपणाच्या खोलीबाहेर आम्ही दोघी बाकावर बसलेलो. आतनं एक नवीन सिस्टर छापील कागद घेऊन आली. तिनं तो दोनदा वाचला आणि बिचकत विचारलं, "रेखाचे पती... गिरिजव्वा कोण आहेत?"

बाकावरचे गडी माना वळवून बघायला लागले. गिरिजव्वा उठली, पदर खोचला.

"मीच की. द्या पोर हिकडं."