मंडळातला पहिला नंबर

कॉम्प्युटरचे किस्से ऑफिसात साठतात, असा लोकांचा समज असतो. मी नोएडात सॉफ्टवेअर कंपनीत होते, तिथे सगळे शहाण्यासारखे वागत. किस्से साठले ते दिल्लीत, सरोजिनी नगरच्या आमच्या मराठी मंडळात, शनिवारी सकाळी सभासदांची यादी दुरुस्त करताना.

ज्याने यादी बनवली, त्याने प्रत्येक कुटुंबाची ओळख, म्हणजे प्रायमरी की, ठेवली होती सरकारी क्वार्टरचा नंबर. आडनावं सारखी असतात, क्वार्टर एकच असतं, हा त्याचा हिशेब. सरकारी माणसाची बदली होते हे तो स्वतः बदलून जाईपर्यंत विसरला होता.

*

रानड्यांची बदली झाली आणि त्यांच्या क्वार्टरमध्ये पेंडसे नावाचे ब्रह्मचारी आले. रानड्यांची मुलगी मंडळाच्या वधू-वर यादीत होती. नाव पेंडशांचं चढलं, बाकी मजकूर तोच राहिला. महिन्याभरात पेंडशांना तीन मुलांची स्थळं आली! एका वरपित्याने लिहिलं होतं, उंची चालेल, गाणं येत असल्यास उत्तम.

पेंडसे मला म्हणाले, "शिकतोय असं कळवू का?"

*

एका क्वार्टरमध्ये दोघे साडू एकत्र राहत. धाकट्याचं नाव मशीन घेईना, ही की आधीच आहे म्हणे. तो माझ्यावरच रुसला.

"सासऱ्यांनीही मला दोन वर्षं असंच घरात घेतलं नव्हतं."

*

घाणेकर काकू रिटायर झाल्या, क्वार्टर सोडून यमुनेपलीकडे गाझियाबादच्या नव्या फ्लॅटमध्ये गेल्या. क्वार्टरबरोबर यादीतूनही गेल्या. त्या वर्षी त्यांना गणपतीचं आमंत्रणच नाही. वीस वर्षं मंडळाचे मोदक वळणाऱ्या बाईला! काकू भांडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "यमुना ओलांडली की माणूस मरतो का गं?"

मला फार वाईट वाटलं. पुढच्या गणपतीआधी ही की बदलायचीच, असं मी तेव्हाच ठरवलं. मशीन प्रत्येकाला आपोआप पुढचा नंबर देईल आणि घर बदललं तरी तो बदलणार नाही. टायपिंगला काकू स्वतः आल्या.

*

बातमी फुटली. जन्मापासून दिल्लीत राहिलेल्या चौबळांचा फोन आला. गाडीचा नंबर नऊ आहे, इथेही नऊच बसव, थोडी सेटिंग कर यार. मी सांगितलं, मशीन रांगेने नंबर देतं, कोणाचं ऐकत नाही.

"अच्छा," ते म्हणाले, "मग मशीनच्या वरचा कोण?"

*

वरचे दोघे होते, अध्यक्ष बर्वे आणि सचिव साठे. दोघांनाही पहिलाच नंबर हवा होता आणि तो मिळेपर्यंत मंजुरीची सही कोणीच करेना. गणपती पंधरा दिवसांवर आले. सही नसती तर आमंत्रणं पुन्हा जुन्याच यादीने गेली असती. शेवटी दोघे मशीनसमोर येऊन बसले. मी नवी यादी उघडली.

एक नंबरवर होतं, 'श्री गजानन प्रसन्न'.

नव्या वहीच्या पहिल्या ओळीत लिहितात तसं काकूंनी टाइप केलं होतं आणि मशीनने त्यालाही सभासद करून घेतलं होतं. मी म्हटलं, पुसता येईल, पण गेलेला नंबर मशीन पुन्हा कोणालाच देत नाही. पुसा म्हणायची दोघांचीही छाती होईना. बर्व्यांनी हात जोडले. साठ्यांनी चपला काढल्या. मग दोघांनी मुकाट्याने सह्या केल्या.

सही वाळायच्या आत साठ्यांनी विचारलं, "दोन नंबर कोण?"

मी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. घाणेकर, गाझियाबाद.

दोघांनी मान वळवली. काकू की-बोर्डवरची धूळ पुसत होत्या.

"टायपिंग कोण करत होतं?" त्या म्हणाल्या.