स्टार्ट बटण आणि अण्णांची पंचाहत्तरी

आमच्या सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवरचं स्टार्ट बटण मी पळवलं, असा माझ्या सासरच्या मंडळींचा आजही पक्का समज आहे. मी पळवलं नव्हतं. ते कॉम्प्युटरवाल्यांनीच नव्या आवृत्तीत काढून टाकलं होतं. मी फक्त ती नवी आवृत्ती अण्णांच्या कॉम्प्युटरवर चढवली. त्यांच्या पंचाहत्तरीची भेट म्हणून, आणि त्यांना न विचारता.

सासरी कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस म्हणजे मी. (माझ्या स्वतःच्या घरात हे पद रिकामं आहे.) त्या वर्षी मी नवा लॅपटॉप घेतला होता आणि त्यात सगळं बोटाने चालायचं. बाथरूमच्या टाइल्ससारखे मोठमोठे रंगीत चौकोन, बोट लावलं की उघडायचे. मी इतका खूश होतो, की मीरा रोडहून भाईंदरला अण्णांकडे जेवायला गेलो, की पानं वाढेपर्यंत सगळ्यांना चौकोन सरकवून दाखवायचो. "तुझा तू काय ते सरकव, पण अण्णांच्या कॉम्प्युटरला हात लावू नकोस," असं मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने, बजावलं होतं. लावला.

अण्णा निवृत्तीनंतर आपले आपण कॉम्प्युटर शिकलेले. रत्नागिरीकडच्या आपल्या गावाच्या मंडळाची सगळी पत्रं तेच टाइप करायचे. चष्मा पुसायचा, खुर्ची पुढे ओढायची आणि डावीकडे खाली स्टार्टवर जायचं, हा त्यांचा शिरस्ता. माझी भेट चढली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते असेच बसले आणि बराच वेळ त्या डाव्या कोपऱ्याकडे बघत राहिले. मग मला फोन आला.

"स्टार्ट कुठे गेलं?"

"अण्णा, आता त्याची गरजच नाही. सगळं समोरच असतं."

"मग सुरू कुठून करायचं?"

"ते सुरूच असतं."

"बरं. मग बंद कुठून करायचं?"

याचं उत्तर मला माहीत नव्हतं. रविवारी येऊन दाखवतो म्हणालो. रविवारपर्यंत तो कॉम्प्युटर अहोरात्र चालू राहिला.

सासूबाईंना मात्र ते चौकोन फार आवडले. एका चौकोनात घरचे फोटो आपोआप बदलत राहायचे, ते बघत त्या भाजी निवडायच्या. पुढे त्यांनी बोटही लावून पाहिलं. अण्णांचा स्क्रीन साधा, जुना, त्याला बोटाचं काय कळणार? त्यांनी आणखी जोरात दाबलं, तेव्हा तो मागे कलंडून भिंतीला टेकला. या स्क्रीनला माऊसच लागतो, असं मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "मग एवढी मोठाली दारं कशाला काढलीत त्याच्यावर?"

मेहुणा महेश तर उघड विरोधी पक्षात गेला. भावोजींनी चालत्या गाडीचं स्टेअरिंग काढून डिकीत ठेवलंय, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला. मी मनावर घेतलं नाही. नव्या गोष्टीला सुरुवातीला विरोध होतोच, असं मी त्याला मोठ्या मनाने ऐकवलं.

पंचाहत्तरीचा कार्यक्रम राई गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये होता. जुन्या फोटोंचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. त्यात एक फोटो फार मोलाचा होता. अण्णांची आई ते अगदी लहान असताना गेली. तिचा एकच फोटो उरला होता आणि तोही कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात, कडेला उभी असलेली. मी मीरा रोडच्या एका स्टुडिओतून तेवढीच आकृती उचलून स्वच्छ करून घेतली होती. अण्णांनी ती अजून पाहिली नव्हती. महेशने आपला जुना लॅपटॉप जोडू का, म्हणून विचारलं. मी हसलो. (ते हसू मला अजून आठवतं.)

पाहुण्यांनी हॉल भरला. माझा नवा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून भिंतीवर फोटो सुरू झाले. सुरुवातीचे फोटो मी एका बोटाने, कंडक्टरने तिकीट फाडावं तसे झटझट पुढे ढकलले. अण्णा माईकवर आईविषयी बोलायला लागले. "ती दिसायची कशी, हेसुद्धा मला आता..." असं म्हणून ते थांबले आणि माझ्याकडे वळले. मी झोकात बोट ओढलं. ते नेमकं स्क्रीनच्या कडेवरून ओढलं गेलं, फोटो नाहीसे झाले आणि भिंतीवर आलं, की भाईंदरमध्ये आज आकाश निरभ्र राहील.

मी गडबडून स्क्रीनखालची खूण दाबली. भिंतभर रंगीत चौकोन पसरले. त्यातला फोटोंचा चौकोन हलला आणि त्यात मी आलो. उघड्या अंगाने, हाफ पँटवर, श्वास आत ओढून.

इथे खुलासा करायला हवा. त्या महिन्यात मी जिमला जायला लागलो होतो आणि ट्रेनरने 'आधी'चे तीन फोटो मागितले होते. समोरून, बाजूने आणि पाठमोरा. (त्याला 'नंतर'चे अजून मिळायचेत.) ते मेल करायचे म्हणून मी लॅपटॉपवर घेतले होते, आणि हा चौकोन लॅपटॉपवरचे सगळेच फोटो आळीपाळीने दाखवतो, हे या आवृत्तीचं वैशिष्ट्य मीच सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरलो होतो.

मी लॅपटॉपची वायर उपटली. प्रोजेक्टरवाला म्हणाला, "साब, लॅपटॉप बॅटरी पे चल रहा है." मग मी प्रोजेक्टरच्या आडवा उभा राहिलो. त्यामुळे माझं पोट माझ्या सिल्कच्या कुर्त्यावर उमटलं, तेही दुप्पट आकाराचं. पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मंजिरी छताकडे बघत होती.

तेवढ्यात चौकोन बदलला आणि त्यात अण्णांची आई आली. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, फोटो काढणाऱ्यावर किंचित रागावल्यासारखी. मी बाजूला झालो. अण्णांनी हात जोडले आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर मी होतो. बाजूने.

अण्णा शांत माणूस. त्यांनी हात जोडलेलेच ठेवले आणि माईकवर म्हणाले, "जावईबापू, आई आली की तिथंच थांबवा."

आता काय करायचं ते मला लख्ख कळलं होतं. चौकोनावर बोट ठेवलं की आतला फोटो मोठा होतो. मी बोट रोखून उभा राहिलो. मी आलो, मी गेलो, मंडळाची सहल आली, आई आली. मी बोट टेकवलं. त्याच क्षणी चौकोन पालटला आणि माझी पाठ हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली.

आता मात्र हॉल फुटला. महेश खुर्चीवरून घसरला होता. मी काही न बघता बोटाने तो फोटो बाजूला ढकलला, आणि त्याच्या पाठीमागून अण्णांची आई आली. भिंतीएवढी.

हसणं एकदम थांबलं. अण्णा माईक ठेवून भिंतीपर्यंत गेले. तिची पावलं त्यांच्या गुडघ्यापाशी आली होती. त्यांनी वाकून तिथे हात टेकवला. सासूबाईंनी डोळे पुसले. माझेही भरून आले, पण तिकडे कुणी बघत नव्हतं.

अण्णा परत माईकपाशी आले. "हिला मी एवढी मोठी कधी पाहिली नव्हती," ते म्हणाले आणि मग जरा थांबून, "जावयांनासुद्धा."

त्याच आठवड्यात महेशने अण्णांच्या कॉम्प्युटरवर जुनी आवृत्ती परत चढवली. पुढे कॉम्प्युटरवाल्यांनीही ते बटण आणून ठेवलं, तेव्हा अण्णांनी मला फोन करून अभिनंदन केलं.

सासरच्या कार्यांत पूर्वी माझी ओळख करून द्यावी लागायची. आता तशी वेळ येत नाही, लांबच्या पाहुण्यांनाही मी ठाऊक आहे. फक्त विरारच्या मावशींची नजर जरा अधू झाली आहे, त्या समोर आल्या की थोड्या चाचरतात. पण मी पाठ फिरवली, की लगेच ओळखतात.