बिनछपराच्या देवळातली ताई

ताई गेल्याचा भाऊजींचा फोन आला, तेव्हा मी शारजाहून ऊद मेथाच्या हॉस्पिटलात तिच्याकडेच निघाले होते. मांडीवर तिच्यासाठी मऊ भाताचा डबा, पुढे नेहमीप्रमाणे गाड्या खोळंबलेल्या. भाऊजी म्हणाले, "सावकाश ये... आता घाई नाही." मला त्यांचा भयंकर राग आला.

त्याला काही आठवडे झाले. पण मला हॉस्पिटलातली ताई आठवतच नाही, आठवते ती आयर्लंडमधली. तिची लेक मीरा डब्लिनला शिकते, म्हणून आम्ही दोघी बहिणी यंदा तिकडे गेलो होतो. एक दिवस सहलीच्या बसने विकलोच्या डोंगरात निघालो. दगडी कुंपणं, मेंढ्या, माळावरून सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या... वर्षानुवर्षं वाळू बघितलेल्या आमच्या डोळ्यांना तो हिरवा रंग खराच वाटेना. ताई काचेला नाक लावून बसली होती. माझं मात्र चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिचा आजार उलटला होता आणि आता उपचार नकोत, असं बाईसाहेबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिला कसंही करून हो म्हणायला लावायचं, एवढ्यासाठी मी सोबत आले होते.

दरीत एक पुरातन मठ होता. उंच गोल मनोरा, कलंडलेले दगडी क्रूस आणि छप्पर कधीच गेलेलं चर्च. आत गवत, वर आभाळ. ताईने दाराशी बूट काढले, मोजे त्यात कोंबले आणि सरळ प्रदक्षिणेला निघाली.

"मम्मा, प्लीज. इट्स अ ग्रेव्हयार्ड," मीरा कुजबुजली.

"असू दे गं. देवाच्या दारात बूट घालून कशी फिरू?"

काय करणार, मीही बूट काढले. भिंत उजवीकडे ठेवून ओल्या गवतातून आम्ही चालू लागलो. भुरभुर पाऊस होता. कोपऱ्यावर मी विषय काढलाच, "ताई, अजून एकदा उपचार घे. माझ्यासाठी."

ती थांबली नाही. "मागच्या औषधांनी माझे तळवे बधिर झाले होते, माहितीये ना तुला? गार-गरम काही कळायचं नाही. आत्ता कुठे कळायला लागलंय... हे गवत बघ किती गार आहे. एवढं राहू दे मला."

आम्ही पुढची फेरी घातली. मला रडू आवरत नव्हतं. तिने माझा हात धरला होता. लांबून ड्रायव्हरने हाक मारली, तशी म्हणाली, "यल्ला, चल. लोक खोळंबलेत."

परवा तिच्या घरी गेले होते. उन्हं उतरल्यावर भाऊजी बादली घेऊन बाल्कनीत गेले आणि तापलेल्या फरशीवर पाणी ओतायला लागले. परत आल्यापासून ताई त्यांना रोज हे करायला लावायची म्हणे, आणि त्या ओल्यात अनवाणी उभी राहायची. "शेवटच्या आठवड्यापर्यंत कळत होतं तिला," ते म्हणाले.

मी जाऊन तिथे उभी राहिले. भाऊजींनी माझ्या पायांवर हळूच पाणी सोडलं.

"गार आहे?" त्यांनी विचारलं.