लाजाळू सोनं

सोन्याच्या धंद्यात झाडलोटीची धूळसुद्धा कुणी टाकत नाही, तिच्यातही सोनं असतं. मग किस्से तरी का टाकावेत? सराफांच्या गुजरीत माझं टंच काढायचं, म्हणजे सोन्याचा कस तपासायचं, छोटं दुकान आहे. दिवसभराचे किस्से पूर्वी बायकोला, सुशीलेला सांगायचो. ती गेल्यापासून ते नुसते साठत चाललेत. आता तुम्ही सापडलाय, तर ऐका!

\*

सुशीला काउंटरवर असायची तेव्हाची गोष्ट. कागलची एक बाई पाटल्या तपासायला घेऊन आली. "नवऱ्यानंच आणल्यात" म्हणाली.

"मग शंका कसली?" सुशीलेनं विचारलं.

"सोन्याचा टंच तुमी सांगा, नवऱ्याचा मी कवाच काढलाय!"

सुशीला हसू आवरायला आत पळाली. बिल मलाच करावं लागलं.

\*

आमचा काटा फार नाजूक. शेजारी कुणी जोरात श्वास सोडला तरी आकडा हलतो. म्हणून वजन करताना सुशीला दरडावायची, "श्वास धरा!"

परवा काट्यावर वाकलो होतो. दुकानात कुणी नाही असं समजून मीच मोठ्यानं म्हणालो, "श्वास धरा!"

थोड्या वेळानं मागून घुसमटलेला आवाज आला, "सोडू काय आता?"

गिऱ्हाईक कधी आत आलं होतं कुणास ठाऊक! बिचाऱ्याचं तोंड लालबुंद. तो गेल्यावर पोट धरून हसलो, आणि सांगायला मागे वळलो. मागे भिंत होती. एकट्यानं हसणं फार वाईट असतं हो.

\*

आता श्यामराव. राधानगरीकडचा माझा जुना दोस्त. बाजाराला आला की चहाला दुकानात यायचाच. आता चहाला येणारा तेवढा एकच उरला होता.

त्याच्या जांभ्या दगडाच्या डोंगरात सोनं आहे, असं एका खाण कंपनीनं सांगितलं. डोंगर आमच्या नावे करा, बदल्यात कंपनीचे शेअर घ्या! श्यामरावची पोरं नोकरीपायी लांब, घरात तो एकटा. सोनं निघालं तर पोरं गावात परत येतील, एवढीच त्याची आशा.

त्यानं आणलेला दगड कुटला, मुशीत घालून भट्टीत तापवला. काही नाही. कंपनीच्या साहेबाला फोन लावला.

"साध्या भट्टीत नाही दिसणार," साहेब म्हणाले. "आमचं सोनं जरा लाजाळू आहे. तापवलं की उडून जातं. ते फक्त आमच्या पद्धतीनंच सापडतं."

श्यामराव लगेच म्हणाला, "मग मुशीवर झाकण ठिवा की वो!"

ठेवलं. शून्य.

"झाकणाला चिकटलं असंल!"

झाकण खरवडून तपासलं. शून्य!

"अण्णा, तुमची भट्टीच म्हातारी झालीया," म्हणाला आणि चहा न घेता गेला. मला फार लागलं ते.

\*

पण डोंगर जाईल याची धास्ती होती. मग मी कंपनीच्या लॅबला तीन पुड्या पाठवल्या. दोन डोंगराच्या. तिसरी साध्या दगडाची, मुद्दाम, कुणाला न सांगता. दुकानात सगळीकडे सोन्याची धूळ, म्हणून दगड घरचा घेतला. घरात दगड एकच, सुशीलेचा वरवंटा. ती गेल्यापासून नुसता पडून होता. जिवावर आलं, पण त्याच्या कडेचा टवका काढून कुटला.

रिपोर्ट आल्यावर श्यामरावला बोलावून घेतलं. डोंगराच्या दोन्ही पुड्यांत सोनं होतं. तिसरीत सगळ्यात जास्त!

"तिसरी कुठली वो?"

"तुमच्या वैनींचा वरवंटा."

तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवून त्यानं तो परत वाचला. मग हळूच म्हणाला, "म्हंजे माझ्या डोंगरात काय बी न्हाय."

"नाही. सही करू नका."

"न्हाय करत." त्यानं रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. पोरांचं नाव काढलं नाही. मग म्हणाला, "च्या सांगा."

चहा आला. मी पेन घेतलं आणि कंपनीच्या रिपोर्टवर काट मारायला लागलो. पहिला आकडा खोडून शून्य. दुसरा खोडून शून्य. तिसऱ्यावर पेन नेलं, तेवढ्यात श्यामरावनं माझा हात धरला.

"अण्णा, ह्यो ऱ्हाऊ दे. ह्यो बरोबर हाय."